देव्हाऱ्याखालचा कागद

माझ्या नातीच्या हृदयाला भोक होतं. ते बुजवून आता पाच वर्षं झाली. पोरगी ठणठणीत आहे, अकरा वर्षांची आहे, माझ्या खांद्याला लागते आणि मला उलट उत्तरं देते. हे आधीच सांगून टाकते, कारण असलं काही वाचायला घेतलं की माणूस आधी शेवट बघतो. मीही बघते.

गेल्या महिन्यात दवाखान्यात एक आजी भेटल्या. मांडीवर दोन वर्षांचा नातू, ओठ जांभळट. मला म्हणाल्या, "तुम्ही कसं काढलंत हो ते दिवस?" मी त्यांना देवाची कृपा, डॉक्टर चांगले, घरच्यांची साथ असं काय काय सांगितलं. घरी आले आणि माझी मलाच लाज वाटली. घरच्यांची साथ म्हणे! माझ्या घरच्यांनी मला फसवलं होतं. आणि मी काय केलं होतं ते तर मी त्या बाईंना सांगितलंच नाही. म्हणून हे लिहायला बसले. त्यांचं नाव-गाव मी विचारलं नाही, पण त्यांच्यापर्यंत पोचलं तर बरं.

मी शिवणकाम करणारी बाई. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. यजमान अंबरनाथला फॅक्टरीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मुलगा प्रशांत, सून स्नेहल, नात तन्वी आणि आता सहा वर्षांचा होत आलेला धाकटा, त्याला आम्ही सगळे बाळूच म्हणतो. दोघं नोकरीवर जातात, त्यामुळे पोरांचं मीच बघते. बघत होते, असं म्हणायला हवं. त्याचीच ही गोष्ट आहे.

मंगळवारचं भजन

तन्वी सहा वर्षांची होती. बाळू पाच महिन्यांचा. प्रशांत म्हणाला, "आई, बदलापूरला बाळाचं जावळ करतायत स्नेहलच्या माहेरी. आम्ही सगळे दहा दिवस जातोय."

"सगळे म्हणजे मीपण?"

"तुला कशाला दगदग? जागा लहान आहे त्यांची."

आता मला सांगा, नातवाचं जावळ आणि आजीला बोलावणं नाही! मी रुसून बसले. तरी बेसनाचे लाडू करून दिले डबाभर, वर तन्वीचा लाल फ्रॉक इस्त्री करून दिला. स्नेहलनं तो फ्रॉक हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता बॅगेत घातला. मला वाटलं, काय माज आहे बाईला.

सोमवारी मी अंबरनाथला शंकराच्या देवळात जाऊन आले. दर सोमवारी जायचे, त्याला कारण होतं. मंगळवारी दुपारी आमच्या भजनी मंडळाची बैठक. त्या दिवशी बायका माझ्याशी भारी गोड वागत होत्या. एकीनं खुर्ची दिली, एकीनं चहात आलं जास्त घातलं. माझ्या फोनची बॅटरी उतरली होती, म्हणून अभंग वाचायला मंदाताईनं तिचा फोन माझ्या हातात दिला. तिच्याही लक्षात आलं नाही बिचारीच्या. चष्मा लावून बघते तर आमच्याच बायकांचा ग्रुप, पण नाव वेगळं. सगळ्या होत्या त्यात. मी सोडून.

वर मेसेज होता. तन्वीचं पूर्ण नाव, वय सहा, हृदयाचं ऑपरेशन सोमवारी सकाळी, रक्तदाते हवेत, प्रशांतचा नंबर. आणि खाली लिहिलं होतं, शालिनीताईंना कळू देऊ नये, बीपीचा त्रास आहे.

शालिनीताई म्हणजे मी.

मी फोन मंदाताईच्या हातात परत दिला. म्हटलं, "किती जणींनी रक्त दिलं?" टाळ खाली ठेवल्याचा आवाज झाला तेवढाच. शेवटी मंदाताई म्हणाली, "माझ्या मुलानं दिलं. पोरगी बरी आहे ताई, आयसीयूत आहे. तुमच्या मुलानंच शपथ घातली होती हो." मी चपला घातल्या. पंधरा वर्षं ह्या बायकांबरोबर बसले, ह्यांच्या लेकीसुनांचे ब्लाउज शिवले, आणि ह्या इतके दिवस माझ्यासमोर मूग गिळून बसल्या होत्या.

लछमनभाई

आमच्या बिल्डिंगखाली लछमनभाईंचं औषधांचं दुकान आहे. माझ्याच वयाचे, सिंधी, तीस वर्षांची ओळख. मी खाली उतरले ती थेट त्यांच्या काउंटरवर.

"लछमनभाई, तन्वीका ऑपरेशन हुआ, आपको मालूम था?"

माणूस खोटं बोलला नाही. "हां भाभी. मालूम था. पहले बैठो, पानी पियो."

"पानी गया चुलीमें! आपने भी नहीं बताया?"

ते काउंटरच्या बाहेर आले. हळू आवाजात म्हणाले, "भाभी, वो स्कूलवाली चिट्ठी आपने मेरे से पढवाई थी. उस दिन आपने क्या बोला था? किसीको मत बोलो. मैं बोला किसीको? नहीं बोला. अभी आपके बेटे ने हाथ जोडे, वो भी नहीं बोला. मैं तो जो जैसा बोलता है वैसा करता हूं."

त्या चिठ्ठीचं मी पुढे सांगणारच आहे. तेव्हा मला ते ऐकायचंच नव्हतं. माझ्या डोक्यात एकच, मला फसवलं. लछमनभाईंनी भर दुपारी शटर पाडलं, गाडी बोलावली आणि मला मुंबईला हॉस्पिटलपर्यंत घेऊन गेले. शीव आलं तेव्हा मला रडू फुटलं, तर त्यांनी नुसती पाण्याची बाटली पुढे केली. तो माणूस माझ्यासाठी काय आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

काचेबाहेर

प्रशांत पाचव्या मजल्यावर खुर्चीत बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाच्या खिशात औषधांच्या चिठ्ठ्या. मला बघून उभा राहिला आणि मी सगळ्या लोकांसमोर ओरडले, "मी मेले होते का रे?"

"आई, इथे नको."

"मग कुठे? बदलापूरला? जावळात?"

स्नेहल भिंतीला टेकून होती. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाळू तेवढा खरंच बदलापूरला होता, तिच्या आईकडे. म्हणजे खोट्यात एवढंच खरं.

आयसीयूचे पास दोनच, आई आणि बाबा. मी तिसरी. दारावरच्या माणसानं मला आत सोडलं नाही, त्याचं तरी काय चुकलं म्हणा. संध्याकाळी दहा मिनिटं काचेतून बघायला मिळायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तन्वी ओळखूच आली नाही. एवढीशी पोर आणि नळ्याच नळ्या. तोंडातली नळी दुसऱ्या दिवशी काढतात म्हणे, तिची चौथ्या दिवशी काढली. डॉक्टर प्रशांतला सांगत होते, भोक मोठं होतं, फुप्फुसांवर फार ताण आला होता, आधी आला असतात तर एवढं जड गेलं नसतं. मी बाजूलाच उभी होते. मी बाकावर जाऊन बसले.

चार दिवस मी त्या बाकावर काढले. घरी जा म्हटलं तर गेले नाही. तिथे साफसफाई करणाऱ्या एक मावशी होत्या. मला विचारलं, "कुठनं येता?" मी म्हटलं उल्हासनगर. "अगं बाई, मी बुवापाड्याची!" म्हणाल्या. अंबरनाथचा बुवापाडा, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मग त्या आत जाऊन आल्या की फडकं पिळता पिळता मला बातमी द्यायच्या. "डोळे उघडले पोरीनं." "सिस्टरचा हात झटकला, ताकद आली." "आज चमचाभर जेली खाल्ली, दुसरा चमचा थुंकला." माझ्या मुलानं मला जे सांगितलं नाही, ते बुवापाड्याच्या मावशी सांगत होत्या. देव त्यांचं भलं करो.

तन्वीला वॉर्डात आणलं तेव्हा मी आत गेले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "तू येणार होतीस ना?"

"आले ना बाळा."

"आधी. आत नेताना. बाबा म्हणाला आजी येतेय, रिक्षात आहे." आणि तिनं मान भिंतीकडे वळवली.

म्हणजे पोरीलाही थाप मारून आत नेलं होतं. ती ऑपरेशनच्या खोलीत गेली ती माझी वाट बघत. आणि मी त्या वेळी अंबरनाथच्या देवळात बेल वाहत होते. प्रशांतला मी बाकी सगळं माफ केलंय, हे नाही.

पाहुण्यांचा कप

मला वाटलं, आता घरी येतील. मी गादीचं कव्हर धुतलं, तन्वीच्या आवडीची साबुदाण्याची पेज करायची म्हणून साबुदाणा आणून ठेवला. तर प्रशांत म्हणाला, "आई, स्नेहल पोरांना घेऊन बदलापूरला राहणार आहे. तीन महिने. तिकडे तळमजला आहे, जिने नाहीत."

कारण बरोबर होतं. पण खरं कारण ते नव्हतं, एवढं मला कळत होतं.

दर रविवारी मी बदलापूरला जायचे. विहीणबाई माणूस चांगल्या, पण मला चहा सोनेरी काठाच्या कपातून द्यायच्या. ज्या नातीची शी-शू मी काढली, तिच्या घरी मी पाहुणी! तन्वी सोफ्यावर उशी छातीशी धरून बसलेली असायची. खोकला आला की उशी घट्ट दाबायची, असं तिला शिकवलं होतं. औषधं स्नेहल स्वतः द्यायची. मी नुसता हात पुढे केला तरी म्हणायची, "राहू द्या, मी देते."

तिसऱ्या रविवारी माझा तोल गेला. विहीणबाई तन्वीला घेऊन आत गेल्या होत्या. मी म्हटलं, "स्नेहल, मी तुझी सासू आहे, वैरीण नाही. माझ्या बीपीचं निमित्त सांगू नकोस. तुम्ही मला का फसवलंत ते एकदा तोंडानं सांग."

ती बाळूचे कपडे घडी करत होती. घडी करायची थांबली नाही. म्हणाली, "आई, घरी गेलात की देव्हाऱ्याखालचा खण उघडून बघा. तुमचा कागद तिथे नाही. माझ्याकडे आहे."

मी आतल्या दाराकडे बघितलं, तन्वीनं ऐकलं की काय.

"बाळाची पत्रिका करायची होती. जन्मवेळेची चिठ्ठी शोधत होते," ती म्हणाली. "लाल फडक्याखाली सापडला. हळदकुंकू लावलेलं होतं त्याला, आई. आठ महिने. आठ महिने तुम्ही त्याची पूजा करत होतात!"

आठ महिने

आता ते सांगते.

तन्वी मोठ्या शिशूत असताना शाळेत डॉक्टर तपासायला आले होते. घ्यायला मीच गेले होते. डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावली, परत लावली, मग मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "आजी, हिच्या हृदयात आवाज येतोय. उशीर करू नका, मोठ्या डॉक्टरांना दाखवा." आणि इंग्रजीत लिहिलेला कागद दिला. मी तो लछमनभाईंकडून वाचून घेतला. त्यांनीही तेच सांगितलं.

स्नेहलला तेव्हा पाचवा महिना होता. आधीचं एक राहिलेलं गेलं होतं, त्यामुळे सगळे जपून होते. पोटुशी बाईला असलं काही सांगायचं नसतं, हे मला माझ्या सासूनं शिकवलं होतं आणि तिला तिच्या सासूनं. प्रशांतला सांगावं तर त्याच्या पोटात काही राहत नाही, संध्याकाळपर्यंत बायकोला सांगेल. म्हटलं, चार महिन्यांचा प्रश्न आहे. कागद देवाच्या स्वाधीन केला, अंबरनाथच्या शंकराला सोमवार बोलले.

बाळू झाला. मग ओली बाळंतीण, तिला तरी कसं सांगायचं? दूध आटलं तर? म्हटलं, सव्वा महिना जाऊ दे. सव्वा महिना गेला. मग बाळूला सर्दी, मग स्नेहलच्या रजेची कटकट. आणि मग, खरं सांगते, मग कागद जुना झाला. आता दाखवला तर पहिला प्रश्न येणार, इतके दिवस काय केलंत? त्या प्रश्नाला मी घाबरले. तन्वीपेक्षा मी स्वतःची भीती मोठी मानली, तसंच आहे ते.

आणि पोरगी तर डोळ्यांसमोर होती! शाळेतून आलो की चार मजले चढताना प्रत्येक मजल्यावर बसायची. ओठ काळसर व्हायचे. मी म्हणायचे, "दम घे, मग चढ." जिन्यात बसून गोष्ट सांगायचे तिला. दुसऱ्या मजल्यावर राक्षस, तिसऱ्यावर राजकन्या. तिला वाटायचं हा खेळ आहे.

स्नेहलनं कागद सापडल्यावर भांडण केलं नाही. माझ्यादेखत एक शब्द काढला नाही. तीन आठवडे गुपचूप तपासण्या केल्या, तारीख घेतली, आणि मी रोज सकाळी रिकाम्या फडक्यापुढे दिवा लावत राहिले. तिनं माझ्यावर ओरडायला हवं होतं. मी तसं म्हटलंही तिला. तर म्हणाली, "ओरडले असते तर तुम्ही रडला असतात, मग मला तुमची समजूत काढत बसावं लागलं असतं. माझ्याकडे वेळ नव्हता."

मी तिची माफी मागितली. ती "बरं" म्हणाली. एवढंच.

पुढून बटणं

छाती उघडून ऑपरेशन केलेल्या पोराला हात वर करता येत नाहीत, डोक्यातून कपडा घालता येत नाही. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, मी बदलापूरला माझ्या डोळ्यांनी बघितलं. घरी आले आणि मशीनवर बसले. मऊ सुती कापड, पुढून पूर्ण उघडा फ्रॉक, शिवण सगळी बाहेरच्या बाजूला म्हणजे व्रणाला लागणार नाही. सात शिवले. प्रशांतच्या हाती पाठवले. मनात म्हटलं, हेही परत येतात की काय. पुढच्या रविवारी गेले तर तन्वीच्या अंगात पिवळा होता. ज्यांच्या घरी असं लहान पोर असेल त्यांना सांगते, एवढे कपडे आधी शिवून ठेवा. फार उपयोगी पडतात.

व्रण मी पहिल्यांदा बघितला तो फ्रॉकच्या निमित्तानं. गळ्याखालून सरळ खाली. तन्वीनं विचारलं, "आजी, घाण दिसतं ना?" मी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हटलं, "टाका फार सफाईदार आहे गं. मला नसता जमला." ती पहिल्यांदा हसली माझ्याशी.

तीन महिन्यांनी सगळे घरी आले. पण घर पूर्वीचं नव्हतं. फ्रिजवर औषधांचा तक्ता, त्यावर स्नेहलची खूण. शाळेतून काही कागद आला की मी आधी फोटो काढून तिला पाठवायचा, मग दप्तर उतरवायचं, असा नियम. आणि तन्वीची फाइल. चेनवाली, निळी, जाडजूड. ती स्नेहलच्या कपाटात कुलपात असायची. प्रशांतलासुद्धा मागून घ्यावी लागायची, मला तर कधी हात लागला नाही. तपासणीला जाताना मी पाण्याची बाटली धरायची. पाच वर्षं बाटलीच धरली.

राग यायचा. चूक माझी होती हे कळत असूनही यायचा. घरात पाच माणसांचा स्वयंपाक करायला मी चालते, कागद धरायला नाही! एकदा मंदाताईजवळ बोलले तर म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्याशी बोलायला लागलात ह्यालाच एक वर्ष लागलं." तेही खरंच.

पोरगी मात्र वाढत होती. दर वाढदिवसाला मी टेप घेऊन तिचं माप घेते. ऑपरेशनच्या आधीच्या वर्षी छातीचं माप बोटभरही वाढलं नव्हतं. नंतरच्या वर्षी दोन इंच. मी टेप दोनदा लावून बघितली. पुढच्या वर्षी शिवण सोडून ठेवलेली पुरेना. भूक लागायला लागली, ओठ गुलाबी झाले, गल्लीत पोरांशी हिंदीत भांडायला लागली. एक दिवस जिन्यात मागे वळून बघितलं तर पोरगी नाहीच. वरून हाक आली, "आजी, किती वेळ गं!"

पहिला कागद

गेल्या महिन्यात तिच्या वर्षाच्या तपासणीची वेळ होती. मुंबईचे डॉक्टर आता महिन्यातून एकदा अंबरनाथला येतात. तन्वीला शाळेच्या कबड्डीच्या संघात घेतलं होतं, पण डॉक्टरांची सही हवी होती. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. नेमकी त्या दिवशी स्नेहलच्या ऑफिसात हिशेबतपासणी निघाली आणि प्रशांत गावाला. दुपारी स्नेहलचा फोन आला. आधी बाळू जेवला का ते विचारलं. मग म्हणाली, "आई, कपाटाची किल्ली माझ्या उशीखाली आहे. फाइल घ्या. तुम्ही जा तिला घेऊन."

मी ती फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरून रिक्षात बसले. तन्वी मला हसत होती, "आजी, पळून नाही जाणार ती."

डॉक्टर नवे होते, तरुण. पहिल्यापासून बघतो म्हणाले आणि फाइल उघडली. पहिलंच पान. शाळेचा तो कागद. प्लास्टिकमध्ये घातलेला, कोपऱ्याला हळदकुंकवाचा डाग. मला माहीतच नव्हतं की तो तिथे आहे.

त्यांनी तारीख बघितली, पुढची पानं उलटली, परत मागे आले. "हे शाळेत कळलं होतं. आणि पहिली तपासणी आठ महिन्यांनी? मध्ये काय झालं?"

तन्वी शेजारीच होती, शर्टाचं बटण लावत. घरात तिला कायम एवढंच सांगितलेलं की उशिरा कळलं. मीही तेच म्हणू शकले असते. घरात बाळंतपण होतं म्हटलं असतं तर डॉक्टर पुढे गेले असते. तोंडापर्यंत आलं होतं.

मी म्हटलं, "मध्ये तो माझ्याकडे होता. मी लपवून ठेवला होता."

तन्वीचा हात बटणावरच थांबला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी लिहिलं, आणि तिला तपासलं. सगळं उत्तम आहे म्हणाले. कबड्डी खेळ, पोह, काय हवं ते कर. आता दोन वर्षांनी या. सही केली. ज्या सहीसाठी पोरगी पंधरा दिवस नाचत होती, तो कागद तिनं घडी करून खिशात टाकला.

रिक्षात बराच वेळ ती बाहेर बघत होती. कॅम्प पाचचा नाका आला तेव्हा म्हणाली, "का लपवलास?"

"आईच्या पोटात बाळू होता. तिला धक्का बसेल म्हणून घाबरले."

"म्हणजे आईसाठी."

"हो."

"आणि बाळूसाठी."

"हो गं."

"आणि माझ्यासाठी?"

मी म्हटलं, "चुकले मी, तन्वी. फार मोठी चूक केली." ती रडली नाही. रडली असती तर मला जवळ तरी घेता आलं असतं.

बिल्डिंगखाली उतरलो. लछमनभाईंनी दुकानातून हात केला, तिनं बघितलं नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती थांबली आणि हात पुढे केला.

"फाइल दे इकडे."

"अगं, आई म्हणाली मी—"

"माझी आहे ना? मग मी धरते."

मी दिली. ती फाइल काखेत मारून चढायला लागली. एकदाही थांबली नाही. दुसरा मजला, तिसरा मजला, चपलांचा आवाज वर वर गेला. मी कठड्याला धरून एकेक पायरी. माझंही वय झालं आता. तिसऱ्या मजल्यावर, जिथे मी तिला राजकन्येची गोष्ट सांगत बसायचे, तिथे मला धाप लागली आणि मी पायरीवर बसले.

वर आवाज थांबला. मग ती कठड्यावरून वाकली. फाइल छातीशी घट्ट धरलेली. चेहऱ्यावर राग तसाच होता.

"दम घे," ती म्हणाली. "मग चढ."

आणि खाली आली नाही, पण आतही गेली नाही. मी वर पोचेपर्यंत तिथेच उभी होती.